गडग्यापलीकडचं नेट

सन २०२३. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि त्या भाद्रपदात मी एका लॅपटॉपवर जेवढा चिडलो तेवढा आयुष्यात कुठल्या माणसावर चिडलो नसेन. एक माणूस सोडून. त्याचं पुढे येईलच.

मी चौथी शिकलेला. पुढे बोटीवर गेलो, इंजिनरूममध्ये तेलपाणी बघणारा ऑइलर म्हणून लागलो आणि तिथेच केस पिकवले. वरचे इंजिनियर येत-जात राहिले, मी तिथेच. कुठला पंप कशासाठी रडतोय ते मला नुसत्या आवाजावरून कळायचं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकी मारायची तर अजून पुष्कळ आहे.

आमची वाडी रत्नागिरीपासून एस.टी.च्या टप्प्यात, पण निम्म्या घरांना कुलपं. गणपतीला उघडतात, गणपती पोचवले की पुन्हा बंद. राहतो आम्ही म्हातारे. हिचा हात मोडला तेव्हा मुलाची मुलगी मुंबईहून आली. पंधरा दिवसांसाठी आली होती. हाताचं प्लास्टर निघालं तरी गेली नाही. तिच्या कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली होती, तर म्हणाली, घर म्हणजे हेही घरच. ओटीवर टेबल मांडलं, मोबाइलची रेंज खिडकीच्या कोपऱ्यात येते तिथे मोबाइल टांगला आणि कामाला लागली. घरात भांडायला तिसरं माणूस आलं. आम्ही दोघं एकमेकांशी भांडून कंटाळलो होतो.

ती प्रोग्राम लिहिते. ते लिहायलाही एक वेगळं सॉफ्टवेअर लागतं, त्याला ती टूल म्हणते. तिने समजावलं तेव्हा मी माझ्यापुरतं असं बसवलं की नट बनवायला लेथ लागतो, तसा हा तिचा लेथ. गणपती पोचवले आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने त्या लेथला अपडेट पाठवलं. व्यवस्थित चाललेल्या इंजिनाला कोण हात लावतं? मी कुणाला लावू दिला नसता. पण त्यांनी लावला, आणि लेथ बसला. उघडला की पडदाभर लाल अक्षरं.

पहिले दोन दिवस ती हसतच होती. मग हसणं गेलं. तिच्या साहेबाचा फोन आला तेव्हा मी ओटीवरच होतो. साहेब आवाजावरून तिच्याच वयाचा वाटला. म्हणाला, "सोमवारी सकाळपर्यंत चालू झालं नाही तर ऑफिसला ये. इथे बसून कर. गावाकडचं आता पुरे."

फोन ठेवून ती माझ्याकडे बघेना.

"म्हणजे जायचं?" मी विचारलं.

"म्हणजे जायचं. आणि एकदा गेले की परत परवानगी मिळणार नाही, आजोबा."

ही आतून सगळं ऐकत होती. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "कुळथाचं पीठ दळून ठेवू काय थोडं? जाताना नेईल." मी असा ओरडलो की पडवीतलं मांजर पुढच्या अंगणात, खळ्यात पळालं. पोरगी अजून खुर्चीत बसलीय आणि हिने तिचं गाठोडं बांधायला घेतलं!

मग मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बिघाडासमोर कसं बसायचं ते कळतं. मी तिला सांगितलं की भर समुद्रात आमचा पंप गेला होता तेव्हा आम्ही बुटाच्या तळव्याचं रबर कापून त्याच्या सांध्यातलं गॅस्केट केलं आणि बंदरापर्यंत बोट आणली. समुद्रात दुकान नसतं. जे आहे त्यातूनच चालू करायचं असतं. हात टेकायचे नाहीत.

ती लागली. इंटरनेटवर कुणी म्हणालं ही फाइल बदल, ती बदलली. कुणी म्हणालं हे बंद कर, बंद केलं. एक लाल ओळ गेली की दुसऱ्या दोन उगवत.

"आता काय म्हणतंय?"

"तेच."

"आणि आता?"

"आजोबा, तुम्ही दर मिनिटाला विचारलंत म्हणून ते लाजून चालू होणार नाहीये."

शुक्रवारी तिने हात केसांत घातले आणि म्हणाली, "एवढं बदललंय मी की आता मूळचा बिघाड कुठला आणि माझा कुठला तेच कळत नाही. असं झालं की थांबायचं असतं. सगळं काढून टाकून पहिल्यापासून घालायचं."

"पहिल्यापासून?" मला ते ऐकूनच मस्तकात गेलं. "इतके दिवस जे केलं ते पाण्यात? आम्ही भर समुद्रात…"

"मी समुद्रात नाही, आजोबा. मी ओटीवर बसलेय."

आणि तिने काढून टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत. मग मशीनमध्ये आधीची जपून ठेवलेली कॉपी होती तीच पुन्हा घातली, कारण नवीन सगळं उतरवून घ्यायचं तर आमच्या खिडकीतल्या रेंजला ते पेलत नाही, अर्ध्यात तुटतं. वर तिने आपली जुनी सेटिंग्ज होती तशी परत बसवली. वर्षभर हौसेने जमवलेली होती ती, कुठला रंग, कुठलं बटण, कुठली पुरवणी. लावलं, उघडलं. पडदाभर लाल अक्षरं.

"बघ," मी म्हणालो. "पहिल्यापासून म्हणे."

मला बरं वाटलं हे खरं आहे. ती उठून विहिरीवर गेली आणि बराच वेळ नुसती रहाटाजवळ उभी राहिली. तेव्हा तितकंसं बरं वाटलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या घरात आम्हा तिघांनाही माहीत होती आणि कुणीच बोलत नव्हतं. चांगलं नेट वाडीत एका घरी होतं. त्या घरच्या मुलाने फायबरची वायर खांबावरून आणून दिली होती. ते घर आमच्या गडग्याच्या पलीकडे, खळ्यात उभं राहून खाकरलं तरी ऐकू जाईल इतकं जवळ. ते घर माझ्या धाकट्या भावाचं.

त्याच्याशी मी बोलत नाही. मी बोटीवर असताना हद्दीवरचा फणस त्याने तोडला. बापाने लावलेला. विचारलं नाही, कळवलं नाही, आणि त्याच्या फळ्या करून दारं बसवली. मी आलो तर फणसाच्या जागी उजेड. त्या दिवशी जे बोलायचं ते बोललो आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही खळ्यांमधल्या गडग्यात जी जायची-यायची वाट होती ती चिरे रचून बंद केली. आमच्याकडचा गडगा म्हणजे नुसते जांभ्याचे चिरे एकावर एक, चुना नाही, सिमेंट नाही. पण मी रचलेला भाग आजूबाजूच्या गडग्यापेक्षा सरळ आहे. कुणीही येऊन बघावं. तेव्हापासून त्याच्या घरी जायचं तर वाडीच्या रस्त्याने वळसा घालून, पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून, पुन्हा चढून. मी आणि ही, दोघंही जात नव्हतो.

शनिवारी मीच पोरीला घेऊन एस.टी.ने शहरात गेलो. स्टँडजवळ एक इंटरनेटचं दुकान आहे. आत परीक्षेचे फॉर्म भरणारी गर्दी. पोरगी दारातच थांबली.

"आजोबा, कंपनीचं मशीन दुकानाच्या नेटला जोडायची परवानगी नाही. घरचं नेट चालतं, असलं नाही. मी तुम्हाला एस.टी.त सांगत होते."

"एस.टी.त काय ऐकू येतंय?"

आलोच आहोत म्हणून मी दुकानदाराशी भांडलो. तो बिचारा म्हणाला, "काका, मी काय केलं?" मी म्हटलं, "काही केलं नाहीस तेच तर." परत येताना तिने खिडकीकडची जागा धरली. खिडकीतून बाहेर बघत होती. भात पोटरीला आलं होतं, हिरवंगार, आणि ती असं बघत होती की जणू आत्ताच निरोप घेतेय. मला त्याचाही राग आला.

आणि घरी आल्यावर दही.

त्या आठवड्यात घरातलं दही बिघडलं होतं. तार येत होती. चमचा वर उचलला की मागोमाग शेंबडासारखी दोरी. मला जेवणात दही लागतं. मी दूधवाल्याला झापलं, तो म्हणाला दूध सकाळचं ताजं आहे. मी दूधवाला बदलला. दह्याला तार. हिला म्हटलं दूध नीट तापवत नाहीस. तिने जास्त तापवलं. तार. हिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दुधाला काय झालेलं नाय हो. विरजण बिघडलंय. रोज त्यातलंच चमचाभर पुढच्या दुधात घालायचं, मग दुसरं काय होणार? दुसरीकडून विरजण आणायला हवं."

दुसरीकडून म्हणजे कुठून? वाडीतल्या उघड्या घरांनी मागच्या महिन्यात आमच्याकडूनच विरजण नेलं होतं, त्यांच्या भांड्यांतही तीच तार. राहिलं एक घर. आणि पाकिटातलं दही मी घरात येऊ देत नाही.

रविवारी दुपारी जेवायला बसलो. वाटीत पुन्हा ती दोरी. मी वाटी सरकवली ती भिंतीपर्यंत गेली.

"हा दूधवालापण चोर!"

"आजोबा," पोरगी भात कालवता कालवता म्हणाली, "दुधाला कशाला शिव्या देता? माझंही तेच झालं. शुक्रवारी मी भांडं घासलं, दूध बदललं आणि विरजण जुनंच घातलं. माझी सेटिंग्ज. त्यातच काहीतरी कुजलंय, आणि मी ती कडेवर घेऊन फिरतेय. आता मला काहीच जुनं नको, ती जपून ठेवलेली कॉपीसुद्धा नको, तिच्यातही काय बिघडलंय कुणाला ठाऊक. टूल नवीन, सेटिंग कोरी. सगळं नव्याने उतरवून घ्यायचं. आणि त्याला…"

ती थांबली. हिने भाताचा घास हातात तसाच धरला.

"त्याला काय?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"त्याला नेट हवं."

"त्या घरात पाऊल टाकायचं नाही."

"टाकलं तर?"

"तर…" मी म्हणालो. एरवी बोटीवर, घरात, वाडीच्या बैठकीत, मला कधी शब्द कमी पडत नाहीत. तर काय? तर घरात येऊ नकोस म्हणणार? तेच तर टाळायला चार दिवस खुर्ची ओढून बसलो होतो. "तर बघ," एवढंच म्हणालो, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन आडवा झालो.

झोप कसली. तरी डोळा लागला असणार, कारण उठलो तेव्हा ओटीवरचं टेबल रिकामं होतं.

"गेली," ही म्हणाली. तांदूळ निवडत होती, मानही वर केली नाही. "मीच जा म्हटलं. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा."

मी ओरडलो. चांगला ओरडलो. ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "संपलं? चहा टाकते."

मी चहा घेतला नाही. खळ्यात जाऊन उभा राहिलो. गडग्यावरून पलीकडची पडवी दिसते. पोरगी आमच्याकडे पाठ करून बसली होती, पुढ्यात लॅपटॉप. आणि तो, माझा भाऊ, तिच्यासाठी टेबलफॅन घेऊन येत होता. वाकलाय आता. पंखा लावून दिला, वाऱ्याची दिशा बघितली, पुन्हा फिरवला. मग तिने काहीतरी सांगितलं आणि तो हसला. ते हसणं आमच्या बापाचं आहे, नाकातून येतं. मी ते कितीतरी वर्षं इतक्या समोरून ऐकलं नव्हतं. मला इतका संताप आला की मी ओस पडलेल्या गोठ्यात जाऊन रिकामी बादली लाथाडली.

दिवेलागणीला ती परत आली. लंगडत. सलवारीला गुडघ्याशी चिखल आणि रक्त, लॅपटॉप मात्र छातीशी असा धरलेला की जणू तान्हं पोर. पाखाडीवर शेवाळ असतं त्या दिवसांत, पायरीवरून पाय गेला होता.

"हात टेकायचे ना पडताना!" मी ओरडलो.

"हातात हे होतं," ती म्हणाली. आणि मग तोंडभर हसली. "चालू झालं, आजोबा! सगळं कोरं घातलं, एक जुनी गोष्ट आत घेतली नाही. एकपण लाल ओळ नाही. साहेबाला दाखवलंसुद्धा. म्हणाला, राहा तिकडेच."

हिने देवाजवळ निरांजन लावलं होतं तिथूनच हात जोडले. मी पोरीच्या गुडघ्याकडे बघत होतो. चांगलं सोललं होतं. गडग्याच्या त्या तुकड्यातून सरळ आली असती तर दहा पावलं नव्हती. चुलीवरचं दूध उतू जायच्या आत ये-जा झाली असती. आणि ही पाखाडी! सरपंचाला किती वेळा सांगितलं, शेवाळ खरवडायला माणूस लाव. कुणाला पडलेली नाही.

ही गुडघ्याला हळद लावत होती. पोरगी म्हणाली, "धाकटे आजोबा विचारत होते, दादा अजून चहा बशीतूनच पितो काय?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आज तर प्यायलेच नाहीत. रुसलेत."

"आणि तो काय म्हणाला?"

"हसले. आणि म्हणाले, रस्त्याने येऊ नकोस, पडशील. पण मग कुठून येऊ ते नाही सांगितलं."

मी जेवायला बसलो नाही. हिने आग्रह केला नाही. हिची ती वाईट सवय आहे, आग्रह करायचा तेव्हा करत नाही. पोरगी ओटीवर बसून कोऱ्या टूलमध्ये आपले रंग पुन्हा एकेक करून लावत होती. मी म्हटलं, "परत तेच घालतेस?" तर म्हणाली, "एकेक घालतेय आणि प्रत्येक वेळी बघतेय, चालतंय ना. जे बिघडवेल ते बाहेर." हे मला पटलं. बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या मी पहार घेतली आणि खळ्यात गेलो. वरचे दोन थर उतरवले, म्हणजे पोरीला पाय टाकून पलीकडे जाता येईल. तेवढंच करायचं ठरवलं होतं. मग लांब उभं राहून बघितलं तर ते धड गडगा नाही आणि धड वाट नाही असं दिसत होतं, आणि दुखऱ्या गुडघ्याची पोरगी त्यावरून चढणार कशी? मला राग आला. म्हणून पुढचा थर काढला, मग त्याच्या खालचा. चिरे ओले होते, जड झाले होते. सरळ रचलेले म्हणून एकमेकांना घट्ट धरून बसले होते. माझंच काम, नडणारच.

आवाजाने तो बाहेर आला. खांद्यावर पंचा, हातात मशेरी. गडग्यापाशी येऊन उभा राहिला.

"दादा, काय करतोस?"

"दगड उबवतोय. दिसत नाय?"

त्याने मशेरी थुंकली, पंचा कमरेला बांधला आणि त्याच्या बाजूचा एक चिरा उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा. वाकताना त्याला कळ येत होती, तरी तिसऱ्याला हात घातला.

"फणस मी विसरलेलो नाही," मी म्हणालो. "आधीच सांगून ठेवतो."

"विसर म्हणून कोण सांगतंय? पहार इकडे दे. खालचा चिरा तुला निघायचा नाय."

"मला निघायचा नाय? मी घातलाय तो!"

"म्हणूनच."

पहार मी दिली नाही. मी एका बाजूने जोर लावत होतो, तो दुसऱ्या बाजूने हाताने ओढत होता, आणि तळाचा चिरा अजून मातीतच होता, तेवढ्यात ही पदराखाली रिकामी वाटी घेऊन आली. "सरका जरा," म्हणाली, आणि आम्हा दोघांच्या मधून, त्या चिऱ्यावर पाय देऊन, भावजयीकडे विरजण आणायला गेली.